नाल्याअलीकडची राख

वर्तमानपत्रातली ती जाहिरात मी कापून चष्म्याच्या घरात ठेवली होती. बोटभर मजकूर होता. रेघदुरुस्ती आयोग बोरटोली या गावाच्या हद्दीबद्दल साक्षी नोंदवणार आहे. बावन्न साली हद्दीचा दगड बसला त्या वेळची ज्याला स्वतःची माहिती असेल त्याने आषाढ संपण्याआधी सिव्हिल लाइन्समधल्या कचेरीत नाव द्यावे. कोणीच न आल्यास आहे ती रेघ कायम समजून तिच्यावर पक्की भिंत बांधण्यात येईल.

आषाढाचे अकरा दिवस उरले होते. चष्मा काढताना आणि ठेवताना तो कागद रोज बोटाला लागत होता.

आजकालच्या मुलांना वाटतं की देश आधीपासूनच या रेघेवर संपत होता. चव्वेचाळीस साली समुद्रावरून परकी फौज उतरली. रायपूर, गोंदिया, भंडारा घेत ती कन्हान नदीपर्यंत आली आणि तिथे अडली. आमच्याकडे त्यांना दर्यावाले म्हणतात. आठ वर्षं दोन्ही बाजू एकमेकींवर बंदुका रोखून बसल्या, मग तह झाला आणि नागपूरच्या पूर्वेला, शहरापासून सहा-सात कोसांवर, एक रेघ पडली. लकडगंजमधून निघालेली भंडाऱ्याची सडक अजूनही तारेच्या कुंपणापाशी जाऊन थांबते. गेल्या वर्षी दर्यावाल्यांची शेवटची पलटण विशाखापट्टणच्या बंदरातून जहाजात बसली. त्यांनी उभं केलेलं किनारी सरकार मात्र राहिलं. आता दोन्ही सरकारांनी ठरवलं आहे की जिथे रेघेबद्दल वाद आहे तिथे गावागणिक एकदा, फक्त एकदा, ऐकून घ्यायचं.

बोरटोलीची रेघ चुकलेली आहे. ती कशी चुकली हे पाहिलेला मी एकटाच आता या बाजूला जिवंत आहे. माझं वय एकोणऐंशी. चौतीस वर्षं मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकांची सूची करण्यात घालवली. ग्रंथालयात हळू बोलणं हा गुण समजतात, म्हणून माझं निभावलं. एरवी भाजीवाल्याकडेही मला दोनदा मागावं लागतं.

ती सकाळ आता सांगायलाच हवी.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मारबत काढतात. शहरात तिची मोठी मिरवणूक निघते, खेड्यात एवढा थाट नसतो. पळसाच्या फांद्या, गवत आणि फाटक्या कपड्यांची एक बाई करायची. पहाटे तिला गावातून फिरवायची. घराघरातून मोडका झाडू, फुटकं सूप तिच्यावर टाकायचं आणि 'इडा पिडा घेऊन जा गे मारबत' असं ओरडत तिला शिवेबाहेर नेऊन जाळायची. शिवेच्या आत जाळली तर पीडा माघारी घरात येते. बोरटोलीची मारबत नाला ओलांडून, चाळीस घरांच्या टोल्यावरून पुढे, मोहाच्या झाडापाशी जळायची. टोला म्हणजे आमच्याच गावाची वस्ती. माझे मामा तिथे राहायचे.

मारबतीच्याच दिवशी तान्हा पोळा असतो. मुलं लाकडी बैल घेऊन दारोदार जातात आणि बोजारा म्हणून खाऊ-पैसे मिळवतात. माझी बहीण यमुताई तेव्हा अकरा वर्षांची होती. ती पोळ्याच्या संध्याकाळीच मामांकडे गेली. मलाही नेत होती. परक्यांच्या दारात बैल घेऊन उभं राहायची मला लाज वाटायची, म्हणून मी पोट दुखतंय असं सांगून घरी राहिलो. त्या खोट्यामुळे मी या देशात राहिलो.

मी तेव्हा सहा वर्षांचा होतो. पहाटे गावचा कोतवाल रामाजी मला खांद्यावर घेऊन मारबतीबरोबर निघाला. आणखी तीन माणसं होती. नाल्यापाशी आलो तर पलीकडच्या काठावर दर्यावाल्यांची गस्त उभी. आदल्या आठवड्यात त्यांनी एका गुराख्याच्या पायावर गोळी घातली होती. चौघे पळसाआड थांबले. बराच वेळ गेला, गस्त हलेना. शेवटी रामाजी म्हणाला, "इथंच जाळा. देव काही एकट्या बोरटोलीकडे पाहून नाही राहिला."

त्यांनी ती तिथेच जाळली, नाल्याच्या अलीकडे. परतताना रामाजीने मला खांद्यावरून उतरवलं, माझ्यासमोर उकिडवा बसला आणि विचारलं, "वसंता, मारबत कुठी जाळली?"

"नाल्याजवळ."

"नाई गा. मोहापाशी. गावाले समजलं तर आमाले जगू नाई देणार. कुठी जाळली?"

"मोहापाशी," मी म्हणालो.

पुढे नाल्यावरून येणं-जाणंच बंद झालं आणि यमुताई मामांकडे अडकली. नऊ दिवसांनी दोन्हीकडचे हद्दीचे अधिकारी आले. माझे वडील देवराव गावचे पटवारी होते. त्यांच्याकडे नकाशा होता, दर्यावाल्यांकडेही एक होता, आणि दोन्ही बाजूंनी तोवर इतके खोटे नकाशे काढले होते की कागद कोणी मानेना. मग ठरलं की गावाचा रिवाज मानायचा. मारबत जिथे जळते तिथे गाव संपतं. वडिलांनी आनंदाने सही केली. मारबत मोहापाशीच जळते हे त्यांना ठाऊक होतं. टोला आपल्याकडे राहणार याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती.

सगळे नाल्याकडे निघाले आणि नाल्याच्या अलीकडेच पळसाखाली राखेचा ढीग दिसला. त्यात सुपाची जळकी कड होती.

दर्यावाल्यांचा अधिकारी थांबला. दुभाष्याने विचारलं, "ही काय?"

"ही नाही," वडील म्हणाले. "जागा पुढे आहे."

"मग ही कोणाची राख? ज्यानं जाळली त्यानं सांगावं."

सारं गाव उभं होतं. रामाजी मान खाली घालून उभा होता, बाकीचे तिघेही. मी वडिलांचं धोतर धरून होतो. वडिलांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. शेवटी खाली माझ्याकडेही पाहिलं, मुलाकडे पाहतात तसंच. एकाने जरी म्हटलं असतं की यंदा भीतीपोटी इथे जाळली, खरी जागा मोहापाशी आहे, तर ते पुढे गेले असते. तिथे वर्षानुवर्षांची राख जमिनीत होती. कोणी बोललं नाही. मीही नाही. त्यांनी राखेवर चुना टाकला आणि दगड बसवला. टोला पलीकडे गेला, आणि टोल्यात यमुताई.

पंधरा-वीस दिवसांनी रामाजी नाल्यात गोळी लागून मेला. तो पलीकडे कशाला गेला होता हे कोणालाच कळलं नाही. कोणी म्हणे गवत चोरायला, कोणी म्हणे दर्यावाल्यांना बातम्या द्यायला.

वडील त्यानंतर बारा वर्षं जगले. त्यांना मी सांगितलं नाही. अरुंधतीशी माझा पंचेचाळीस वर्षांचा संसार झाला, तिलाही नाही. कधी वाटे, हे सगळं मीच रचलं असेल. त्या लढाईवरचं हाती येईल ते मी वाचलेलं आहे, आणि वाचणाऱ्या माणसाला आपलं आणि पुस्तकातलं वेगळं ठेवता येतंच असं नाही. पण बोरटोलीचं नाव मला कुठल्याच पुस्तकात सापडलं नव्हतं.

जाहिरात आल्याच्या चौथ्या दिवशी मी लकडगंजला धर्मेंद्रकडे गेलो. धर्मेंद्र रामाजीचा नातू. बोरटोलीची बरीच माणसं कुंपणात शेती गेल्यावर लकडगंजलाच येऊन राहिली. धर्मेंद्रचं दारं-खिडक्यांचं दुकान आहे. साक्ष द्यायची तर रामाजीचं नाव घ्यावं लागणार, आणि ते त्याला न सांगता घेणं मला बरं वाटेना.

त्याने सगळं ऐकून घेतलं. भुसा झटकून पायाशी स्टूल ओढलं, पण बसला नाही.

"काका, तुमी तवा किती वर्षांचे होते?"

"सहा."

"सहा वर्षाच्या पोराले काय याद राहते? मले दुसरीतल्या मास्तरचं नाव नाई सांगता येत."

"मलाही तीच शंका येते," मी म्हणालो.

"मंग झालं तं." तो हसला, पण लगेच गंभीर झाला. भिंतीवर रामाजीचा फोटो होता. खरा फोटो नव्हे, कोणाकडून तरी अंदाजाने काढून घेतलेलं चित्र. "माह्या बापाले लोक चोट्ट्याचा पोरगा म्हणत. शाळेत मले म्हणत. सतरा चकरा मारल्या तवा मागच्या साली त्या फलकावर आज्याचं नाव लागलं. रेघेवर मेलेल्यांत. आन आता तुमी जाऊन सांगसान का ह्यानंच टोला बुडवला?"

"मी असं नाही म्हणणार."

"तुमी नाई म्हणसान. पेपरवाले म्हणतील." त्याने चहा मागवला. मग तो जरा मऊ आवाजात म्हणाला, "काका, तुमी लिहिणारे-वाचणारे मानूस. लिहून ठेवा न एका वहीत. तुमी गेल्यावर वाचतील लोक."

ते मला मनापासून पटलं, आणि पटल्याचीच भीती वाटली. चहा तसाच ठेवून मी उठलो.

महिन्याच्या पहिल्या रविवारी रेघेवर भेट असते. दोन लोखंडी कठडे, मध्ये दहा फूट मोकळी जागा आणि दोन्हीकडे शिपाई. एका घराला बारा मिनिटं मिळतात. मग घंटा होते. पत्रं उघडून वाचतात, फोन पलीकडे लागत नाही. म्हणजे यमुताईला काही सांगायचं तर ते दहा फुटांवरून, आजूबाजूच्या पन्नास माणसांच्या कालव्यात, ओरडून सांगावं लागतं. एकतीस वर्षं मी दर महिन्याला तिथे जातो आहे. मी बहुतेक मान हलवतो आणि तीच बोलते.

त्या रविवारी ती काठी टेकत आली. आता चौऱ्याऐंशी वर्षांची आहे.

"जेवत नाई काय गा? गालफडं बसले तुहे."

"यमुताई, मारबत," मी म्हणालो.

"काय?"

"मारबत!"

शेजारच्या दोन-तीन माणसांनी वळून पाहिलं. मी कठडा दोन्ही हातांनी धरला आणि ओरडलो, "त्या वर्षी मारबत मोहापाशी गेलीच नाही. नाल्याच्या अलीकडे जाळली. मी बरोबर होतो. मला माहीत होतं आणि मी बोललो नाही."

तिने कानामागे धरलेला हात खाली घेतला. ती रागावेल असं मला वाटलं होतं. रडेल असंही वाटलं होतं.

"बस, इतकंच?" ती म्हणाली. "मले वाटलं तुले काही दुखणं झालं. अरे, साऱ्या टोल्याले मालूम होतं ते."

"कसं?"

"कसं म्हंजे? मी उजाडायच्या आधीपासून रस्त्यावर उभी होती. मामीनं फुटकं सूप देलं होतं, मारबतीवर टाकाले. एका हातात सूप, एका हातात लाकडी बैल. साऱ्या बाया आपापल्या दारात झाडू घेऊन उभ्या. मारबत आलीच नाई. ऊन चढलं तरी नाई. मामी म्हणे, यंदा आपली पीडा आपल्याच घरी राहिली."

"मग कोणी सांगितलं का नाही?"

"कोणाले सांगाचं? आमाले कोण इचाराले आलं? दगड बसला, तार लागली, शिपाई येऊन नावं लेहून गेला. चाळीस घरं होती, वसंता. एकानं येऊन इचारलं नाई का तुमी कोणत्या गावचे."

तिने काठी कठड्यावर आपटली.

"आन रामाजी आला होता."

"कुठे?"

"आमच्या दारात. भर दुपारी, डोक्यावर गवताचा भारा घेऊन. म्हणे, बाई, बस खांद्यावर, मी तुले घरी नेतो. सारं सांगतलं त्यानं मामाले, रडून रडून. मामानं नाई धाडलं मले. म्हणे चार दिवसांत रेघ उठते, पोरीले नाल्यातून कायले नेतं? मंग तो एकटाच गेला. भारा आमच्याच दारात राहिला. थोड्या वेळानं बार ऐकू आला."

"हे तू कधीच बोलली नाहीस."

"तूही कुठी बोलला? मले वाटे, मी गेली असती तं तो मले घेऊन दुसऱ्या वाटेनं गेला असता. जिवंत राहिला असता. आता काय सांगाव." तिने पदराने तोंड पुसलं. "तू सांग त्या आयोगाच्या लोकाईले. पन हे बी सांगजो का तो चोरी कराले नव्हता आला. मले न्याले आला होता."

घंटा झाली.

आषाढ संपायला दोन दिवस होते तेव्हा मी नाव दिलं. सुनावणीच्या दिवशी कचेरीत लांब टेबलाच्या एका बाजूला आपल्याकडच्या अधिकारी मिनल सहारे आणि दुसऱ्या बाजूला किनारी सरकारचा एक तरुण अधिकारी बसला होता. त्याची मराठी आपल्यासारखीच होती, फक्त जरा झाडीपट्टीच्या वळणाची. मागच्या खुर्च्यांवर धर्मेंद्र बसलेला मला आत आल्यावर दिसला. मी त्याला बोलावलं नव्हतं.

मी सांगायला लागलो. दोनदा मिनलताईंनी "जरा मोठ्यानं" म्हटलं. जाळणाऱ्यांची नावं विचारली तेव्हा मी चार नावं घेतली आणि पाचवं माझं घातलं. रामाजीचं नाव घेताना मागे वळून पाहावंसं वाटलं, पाहिलं नाही. मग यमुताईने सांगितलेलं सांगितलं. सूप, बैल, रस्त्यावर उभ्या राहिलेल्या बाया. भर दुपारी आलेला रामाजी, दारात राहिलेला भारा. ही माहिती माझी स्वतःची नाही, बहिणीची आहे, ती पलीकडे जिवंत आहे, तिला विचारावं, असंही म्हणालो.

पलीकडच्या अधिकाऱ्याने टाक खाली ठेवला. "त्र्याहत्तर वर्षं तुम्ही गप्प का राहिलात?"

"मला मोठ्यानं बोलता येत नाही, साहेब."

"हे उत्तर झालं नाही."

"नाही," मी म्हणालो. "उत्तर नाही माझ्याकडे."

त्याने तेही लिहून घेतलं.

बाहेर आलो तर धर्मेंद्र पायऱ्यांवर उभा होता.

"भारा दारातच राहिला?"

"असं ती म्हणते."

"म्हंजे गवतासाठी नव्हता गेला."

"नाही."

"माहा बाप हे न ऐकताच मेला, काका," तो म्हणाला. मग गाडी काढायला गेला. मला घरापर्यंत सोडलं.

आयोगाने ठरवलं की रिवाज काय होता तो पाहायचा आणि जमीन खोदायची, तेही मारबतीच्याच दिवशी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी चार माणसांना आणि एका साक्षीदाराला मारबत घेऊन मोहाच्या झाडापर्यंत जायची परवानगी मिळाली. मारबत धर्मेंद्रने केली. दुकानात लाकूड एवढं असूनही त्याने त्यातली एक काठीसुद्धा घातली नाही. पळस आणायला तो सावनेरच्या वाटेवर थेट रानापर्यंत गेला.

पहाटे कुंपणाचं फाटक उघडलं. दगडापाशी आधीच एक खड्डा घेतलेला होता. त्याच्या कडेला मातीत राखेची एकच काळी रेष होती, बोटाच्या पेरापेक्षाही बारीक. मिनलताईंनी पट्टी लावून ती मोजली. पलीकडे भिंतीसाठी आणलेल्या विटांच्या थप्प्या रचून ठेवल्या होत्या. आम्ही त्यांच्यामधून वाट काढत नाल्यात उतरलो. धर्मेंद्रने एका हाताने मारबत धरली होती आणि दुसऱ्याने माझं मनगट. पाणी घोट्याएवढंच होतं. मी त्र्याहत्तर वर्षांपूर्वी पलीकडे गेलो असतो तर किती पावलं पडली असती ते मोजायचं ठरवलं होतं, पण मध्येच विसरलो.

टोल्यात आता साठेक घरं आहेत. मारबत असते हे तिथल्या निम्म्या लोकांना ठाऊक नव्हतं. किनारी सरकारने ती कधी काढू दिली नाही. लोक दारात येऊन नुसते पाहत होते. वळणावर यमुताई उभी होती. कठड्याशिवाय मी तिला इतक्या वर्षांत पहिल्यांदा पाहत होतो. ती वाटली होती त्याहून बुटकी होती. तिच्या हातात सूप होतं.

"लय उशीर केला गा," ती म्हणाली आणि सूप मारबतीवर टाकलं. मग तिने माझ्या दंडाला चिमटा काढला, लहानपणी काढायची तसा. तिच्यामागून एक बाई घरात गेली आणि जुना झाडू घेऊन आली. मग आणखी एक.

मोहाचं झाड पडून गेलं होतं, बुंधा तेवढा राहिला होता. दोन मजुरांनी खणायला सुरुवात केली. वीतभर माती निघाली आणि खाली काळं लागलं. आणखी खणलं तरी काळंच होतं, मधूनमधून भाजलेल्या मातीचे लाल थर. पलीकडचा अधिकारी खड्ड्यात उतरला, त्याने चिमूटभर राख बोटांत चोळली आणि वर आला.

निकाल लागायला वर्ष लागेल, दोनही लागतील. मिनलताईंनी तसं मला आधीच सांगितलं होतं. यमुताई चौऱ्याऐंशी, मी एकोणऐंशी. हिशेब दोघांनाही येतो.

मिनलताई वही उघडून माझ्याकडे वळल्या. "साक्षीदाराने जागा ओळखून सांगायची आहे. हीच का?"

"हीच," मी म्हणालो.

"मोठ्यानं सांगा, काका. दोन्हीकडच्यांना ऐकू जायला हवं."

यमुताई काठी टेकून बुंध्यावर बसली होती. धर्मेंद्र मारबत धरून उभा होता, त्याच्या दुसऱ्या हातात काडेपेटी होती. नाल्याकडून टोल्यातली माणसं हळूहळू येत होती. मी श्वास घेतला आणि ओरडलो.

"हीच. आमचं गाव इथपर्यंत आहे."